न्जाऊच्या पाच जणी : उकिरड्यावरच्या पिशव्यांपासून सुरू झालेलं काम

गॅम्बिया हा आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा सर्वांत छोटा देश. गॅम्बिया नदीच्या दोन्ही काठांनी आत शिरत गेलेली एक चिंचोळी पट्टी, पश्चिमेला अटलांटिक महासागर आणि बाकी तिन्ही बाजूंना सेनेगल. या देशाच्या मध्य भागात न्जाऊ नावाचं गाव आहे. १९९७ मध्ये तिथल्या पाच स्त्रियांनी उकिरड्यावरच्या प्लास्टिकच्या पिशव्या वेचून, धुऊन, कापून त्यांची पाकिटं विणायला सुरुवात केली. हे काम उभं करणाऱ्या इसातू सीसे तेव्हा पंचविशीच्या होत्या. पुढे ‘रिसायकलिंगची राणी’ म्हणून त्यांचं नाव देशाबाहेरही गेलं.

न्जाऊची हकिकत बहुतेक वेळा प्रेरणा देणारी गोष्ट म्हणून सांगितली जाते. ती प्रेरणा देतेच, पण तिथेच थांबलं तर शिकण्यासारखं बरंच काही हातून निसटतं. पिशव्यांचा कचरा कमी होणं वेगळं, तो दुसऱ्या कामी लागणं वेगळं आणि त्यातून गावाचं भलं होणं आणखी वेगळं. न्जाऊमध्ये गावाचं भलं चांगलं साधलं आणि कचराही बऱ्यापैकी कामी लागला. मुळात पिशव्या कमी करणं मात्र एकट्या गावाच्या हातात नव्हतंच. हा फरक लक्षात न घेता जे लोक ‘आपणही पिशव्यांच्या वस्तू करू’ म्हणून उत्साहाने उतरतात, त्यांची वर्षभरात निराशा होते. म्हणून हे प्रकरण जरा सावकाश पाहायला हवं.

पिशवी येण्याआधी

पश्चिम आफ्रिकेच्या खेड्यांत सामान वाहायला टोपल्या, वाळवलेल्या भोपळ्यांची भांडी आणि कापडाची गाठोडी असत. टोपली जुनी झाली की घरामागे फेकून द्यायची. ती पावसात कुजायची, शेळ्या-गुरं तिला तोंड लावायची, नाहीतर चुलीत जायची. फेकण्यात काहीच गैर नव्हतं, कारण फेकलेली वस्तू जमीन आपसूक पोटात घेत होती.

मग प्लास्टिकची पिशवी आली. वर धरायला दोन बंद असलेली, आज सगळ्यांना ओळखीची असलेली ही पिशवी स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीत जन्मली. स्टेन गुस्ताफ थुलिन या अभियंत्याने ती घडवली आणि १९६५ मध्ये तिचं पेटंट मिळालं. पाच-सहा ग्रॅम वजनाची ही वस्तू आपल्या वजनाच्या हजारपटीहून जास्त भार उचलते, भिजत नाही आणि जवळजवळ फुकट मिळते. ज्या बाईला डोक्यावर सामान घेऊन मैलभर चालायचं आहे तिला ही पिशवी आवडली यात नवल नाही. लोकांची फेकायची सवय जुनीच राहिली, फेकायची वस्तू तेवढी बदलली. गावात कचरागाडी येत नव्हती, आजही अशा अनेक गावांत येत नाही. त्यामुळे घरामागचे ढीग वाढत गेले. प्लास्टिकच्या कचऱ्याबद्दल बोलताना ‘लोकांना शिस्त नाही’ हे वाक्य चटकन तोंडी येतं. न्जाऊच्या बाबतीत तरी ते अन्यायाचं आहे असं मला वाटतं. हजारो वर्षं चाललेली रीत एका पिढीत घातक ठरली आणि ती घातक का ठरली हे सांगायला कुणी आलं नाही.

तिथला पावसाळा जून ते ऑक्टोबर. उकिरड्यावरच्या पिशव्यांत पाणी साचायचं आणि त्यात डास वाढायचे. मलेरिया हा त्या भागातला जुना शत्रू. कोरड्या दिवसांत वाऱ्याने पिशव्या शेतांत आणि भाजीच्या वाफ्यांत पसरायच्या. मातीत गाडल्या गेलेल्या पिशवीचा पापुद्रा पाणी खाली झिरपू देत नाही आणि मुळांनाही अडवतो. चूल पेटवायला प्लास्टिकचा तुकडा सोयीचा, कारण तो लगेच पेट घेतो. पण त्याचा धूर चुलीपाशी बसलेल्या बाईच्या आणि तिच्या पाठीला बांधलेल्या मुलाच्या छातीत जातो.

सगळ्यांत मोठा घाला पडला तो शेळ्यांवर. पिशवीला अन्नाचा, मिठाचा वास लागलेला असतो, म्हणून शेळी ती आतल्या उरल्यासुरल्या घासासकट गिळते. गिळलेलं कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यात जातं. चारा तिथे आंबतो, परत तोंडात येऊन रवंथ होतो आणि पुढे सरकतो. प्लास्टिकवर तिथल्या जिवाणूंचा काही परिणाम होत नाही. ते परत वर येत नाही आणि पुढेही जात नाही. एकेक पिशवी आधीच्या पिशव्यांत गुंतत जाते, त्यात चाऱ्याच्या काड्या अडकतात आणि हळूहळू दोरखंडासारखा पीळ बसलेला घट्ट गोळा तयार होतो. पोट भरलेलं वाटतं म्हणून शेळी खाणं सोडते. कूस फुगलेली आणि पाठीची हाडं वर आलेली, अशा अवस्थेत ती काही आठवड्यांत मरते. पोट चिरून गोळा काढणं एवढाच इलाज असतो आणि खेड्यात तो करणार कोण? गावकऱ्यांना कारण कळलं ते मेलेल्या शेळ्यांची पोटं फाडली तेव्हा.

शेळीला आपल्याकडे गरिबाची गाय म्हणतात. गॅम्बियातही ती अडीनडीची बेगमी आहे. शाळेची फी, औषधपाणी, नाहीतर टोबास्कीचा म्हणजे बकरी ईदचा सण आला की शेळी विकायची. शेळी मेली की घराची साठवणच गेली. न्जाऊमध्ये प्लास्टिकचा प्रश्न लोकांना पटला तो या वाटेने. पर्यावरण हा शब्द ऐकून कुणी हललं नसतं.

उकिरडा उपसणाऱ्या बायका

इसातू सीसे यांचा जन्म १९७२ मध्ये न्जाऊमध्येच झाला. लहानपणी वडील गेले आणि शाळा अर्धवट सुटली. पुढे त्या शहरात गेल्या, तिथे शिक्षण घेतलं आणि अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवी योजनेशी त्यांचा संबंध आला. टाकाऊ प्लास्टिकपासून विणकाम करता येतं हे त्यांना त्या संपर्कातून कळलं. ही युक्ती त्यांनी शोधलेली नाही. त्यांचं श्रेय ती गावात आणण्याचं आणि टिकवण्याचं आहे आणि माझ्या लेखी ते जास्त अवघड काम आहे. युक्त्या जगात पुष्कळ पडून असतात.

सुरुवातीला त्यांच्यासोबत चार बायका आल्या. गावाने नाकं मुरडली. उकिरड्यात हात घालणाऱ्या म्हणून त्यांची टवाळी झाली. इसातू वयाने लहान, त्यातून बाई, तिने लोकांना काय शिकवावं, असंही म्हटलं गेलं. म्हणून पहिले कित्येक महिने या पाच जणी रात्री, दिवसभराची शेतातली आणि घरातली कामं उरकल्यावर, मेणबत्तीच्या उजेडात लपून विणत बसत. यातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. लपून काम करणं म्हणजे तयार माल गावात विकता न येणं. त्यांना गिऱ्हाईक गावाबाहेर शोधावं लागलं आणि तेच पुढे फायद्याचं ठरलं. शेजारणीने कीव येऊन घेतलेल्या पाकिटावर धंदा चालत नाही. परक्या माणसाला वस्तू आवडली तरच तो पैसे मोजतो.

काम होतं कसं ते सांगतो, कारण लोक ते फार सोपं समजतात.

आधी निवड. उन्हात फार दिवस पडलेली पिशवी बोटांत चुरली की तिचे तुकडे होतात, ती बाजूला काढायची. उरलेल्या पिशव्या उलट्या करून साबणाच्या पाण्यात धुवायच्या. गावात पाणी डोक्यावरून आणावं लागतं, त्यामुळे या धुण्याला स्वतःची किंमत आहे आणि ती हिशेबात धरायला हवी. दोरीवर टाकून पिशव्या पूर्ण कोरड्या करायच्या, कारण ओल राहिली तर वास येतो आणि पाकीट परत येतं. मग पिशवी सपाट पसरायची, खालची शिवण आणि वरचे बंद कापून टाकायचे. राहिलेली नळी लांबीत दुमडायची आणि आडवी कापत जायची. प्रत्येक काप उलगडला की प्लास्टिकचं एक कडं हातात येतं. एक कडं दुसऱ्यात घालून ते स्वतःच्याच फासातून ओढलं की गाठ बसते. अशी कडी जोडत गेलं की लांबच लांब दोर होतो, त्याचा गुंडा करायचा आणि क्रोशाच्या सुईने विणायला घ्यायचं. लोकर सुईवरून अलगद सरकते. प्लास्टिक सुईला धरून बसतं, त्याला ओढ द्यावी लागते, बोटं दुखतात. टाके सैल पडले तर पाकीट लोंबतं, फार घट्ट पडले तर पट्टी तुटते. शेवटी चेन लावायची. एका छोट्या पाकिटात दहाएक पिशव्या जातात आणि दिवसाचा बराचसा वेळ.

या कामाला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, प्लास्टिक वितळवावं लागत नाही, म्हणजे विषारी धूर नाही. रंगही विकत आणावा लागत नाही, काळ्या, निळ्या, पांढऱ्या पिशव्यांचा रंग आयताच असतो. भांडवल म्हणून एक कात्री, एक सुई आणि साबण पुरतो. गावातली कुठलीही बाई घरी बसून, मुलाकडे लक्ष देत हे करू शकते. उद्योग म्हणून पाहिलं तर हीच त्याची जमेची बाजू.

हळूहळू पाकिटं विकली जाऊ लागली आणि बायकांच्या गाठीला चार डलासी (डलासी हे गॅम्बियाचं चलन) जमू लागले. तेव्हा टवाळी थांबली. पाच जणींच्या पन्नास झाल्या, पुढे आसपासच्या गावांतल्या मिळून शंभराहून जास्त स्त्रिया या कामात आल्या. इसातू सीसे यांनी नंतर ‘विमेन्स इनिशिएटिव्ह गॅम्बिया’ ही संस्था उभी केली. २०१२ मध्ये त्यांना ‘द इंटरनॅशनल अलायन्स फॉर विमेन’ या संघटनेचा पुरस्कार मिळाला.

पिशव्या खरंच किती कमी झाल्या?

इथे जरा आकडेमोड करू. समजा शंभर बायका आहेत आणि प्रत्येक जण आठवड्याला दोन पाकिटं विणते. एका पाकिटाला दहा पिशव्या धरल्या तर आठवड्याला दोन हजार, वर्षाला लाखभर पिशव्या होतात. एका पिशवीचं वजन साडेपाच ग्रॅम धरलं तर हे सगळं मिळून पावणेसहाशे किलोच्या घरात जातं. दुसऱ्या बाजूला वीस लाखांहून जास्त वस्तीच्या देशात माणशी आठवड्याला एकच पिशवी वापरली जाते असं धरू, जे अगदी कमी आहे. तरी वर्षाला दहा कोटींहून जास्त पिशव्या झाल्या. म्हणजे शंभर जणींनी वर्षभर बोटं दुखवून हजारातली एक पिशवी उचलली.

हा हिशेब मी त्या कामाला कमी लेखायला मांडलेला नाही. उलट त्याची खरी किंमत कुठे आहे ते यातून दिसतं. एका न्जाऊ गावापुरतं पाहिलं तर लाखभर पिशव्या ही मोठी गोष्ट आहे, गावाच्या शेळ्या वाचवायला पुरेशी. शिवाय विणायला स्वच्छ पिशवी हवी असेल तर ती ओल्या कचऱ्यात मिसळू द्यायची नाही हे ओघानेच आलं. त्यातून घरातच कचरा वेगळा होऊ लागतो. एकदा प्लास्टिक बाजूला काढलं की उरलेला कचरा वाफ्यात खत म्हणून घालता येतो. दर महिन्याला प्रवचन देऊन जे होत नाही ते कच्च्या मालाच्या गरजेने होतं. आणि ज्या बाईच्या हातात स्वतःची कमाई आहे तिचं म्हणणं घरातही ऐकलं जातं आणि गावाच्या बैठकीतही. माझ्या मते न्जाऊचं सर्वांत मोठं यश हेच. पिशवी हे निमित्त होतं असं कुणी म्हणेल, पण तसं नाही. ज्या वस्तूने बायकांचं सर्वांत जास्त नुकसान केलं तीच वस्तू त्यांच्या कमाईची झाली, म्हणून त्यांच्या बोलण्याला वजन आलं.

पण ओघ बंद करायला कायदाच लागतो. गॅम्बियात १ जुलै २०१५ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. न्जाऊच्या बायकांमुळे बंदी आली असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. तरी तोवर अठरा वर्षं पिशव्यांचे तोटे घरोघर सांगणाऱ्या बायका देशात होत्या, ही गोष्ट छोटी नाही.

बंदीने प्रश्न सुटला का? पूर्ण नाही. तिन्ही बाजूंनी सेनेगल असलेल्या देशात सीमेवरून माल येणं थांबवणं कठीण. सेनेगलनेही २०१५ मध्ये पातळ पिशव्यांविरुद्ध कायदा केला, पण तिथेही तो कागदावर जास्त राहिला आणि २०२० मध्ये नवा कायदा करावा लागला. शिवाय पश्चिम आफ्रिकेत पिण्याचं पाणी छोट्या सीलबंद प्लास्टिकच्या पिशव्यांतून विकलं जातं. कोपरा दाताने फाडायचा, पाणी प्यायचं आणि पिशवी टाकून द्यायची. जिथे नळाच्या पाण्याचा भरवसा नाही तिथे या पिशवीवर बंदी घालणं म्हणजे लोकांचं पाणी तोडणं. आधी पाणी द्यावं लागेल.

बंदी आणि आकारणी यांतला फरकही पाहण्यासारखा आहे. बांगलादेशाने २००२ मध्ये पातळ पिशव्यांवर बंदी घातली, असं करणारा तो जगातला पहिला देश. १९८८ आणि १९९८ च्या पुरांत पिशव्यांनी गटारं तुंबल्याचा अनुभव त्यामागे होता. पण स्वस्त पर्याय आणि सतत तपासणी नसल्यामुळे पिशव्या परत आल्या. त्याच वर्षी आयर्लंडने बंदी न घालता प्रत्येक पिशवीवर १५ सेंट आकारायला सुरुवात केली. माणशी वर्षाला ३२८ पिशव्यांचा वापर २१ वर उतरला. अर्थात तिथे दुकानं नोंदलेली आहेत, पावती मिळते आणि आकारणी वसूल करणारी यंत्रणा आहे. उघड्यावरच्या बाजारात, जमिनीवर चादर पसरून भाजी विकणाऱ्या बाईकडून ही आकारणी कोण वसूल करणार? म्हणून गॅम्बियासारख्या देशाने बंदीचा रस्ता धरला हे समजण्यासारखं आहे. मात्र बंदीबरोबर गावागावांत न्जाऊसारखे गट हवेत, नाहीतर बंदी शहरातच राहते.

पर्यायाच्या बाबतीतही सावध राहायला हवं. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरली तर कुठे तिचा हवामानावरचा भार एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीएवढा होतो. कापूस पिकवायला पाणी, खत आणि ऊर्जा लागते. म्हणजे समारंभात वाटलेली कोरी कापडी पिशवी कपाटात पडून राहिली तर तिने भलं काहीच केलं नाही. घरात असलेली टोपली आणि जुन्या लुगड्याची पिशवी हे खरे पर्याय. न्जाऊच्या जुन्या टोपल्या या हिशेबात कुणापेक्षाही पुढे होत्या.

जे तोलून पाहायला हवं

पिशवीचं पाकीट झालं तरी ते प्लास्टिकच राहतं. त्याचा कचरा होणं काही वर्षं पुढे गेलं, टळलं नाही. उन्हात पॉलिथिन ठिसूळ होतं, मग त्याचे बारीक कण झडतात. म्हणून अशा दोराची छतं, कुंपणं किंवा बाहेर पडून राहणाऱ्या चटया करणं मला पटत नाही. घरात, सावलीत वापरायच्या वस्तूच कराव्यात.

दुसरी अडचण बाजाराची. दिवसभराचे कष्ट घातलेल्या पाकिटाला योग्य दाम देणारं गिऱ्हाईक बहुतेक करून परदेशी किंवा पर्यटक. गॅम्बियाचं पर्यटन फार नाजूक आहे. २०१४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या काही देशांत इबोलाची साथ आली तेव्हा गॅम्बियात एकही रुग्ण नसताना पर्यटक आटले. सप्टेंबर २०१९ मध्ये थॉमस कुक ही ब्रिटिश पर्यटन कंपनी बुडाली, तेव्हाही ऐन हंगामाच्या तोंडावर देशाला फटका बसला. एकाच वस्तूवर आणि एकाच तऱ्हेच्या गिऱ्हाईकावर पोट ठेवणं धोक्याचं आहे.

तिसरी अडचण या कामाच्या मुळातच आहे. पिशव्यांवरची बंदी यशस्वी झाली तर कच्चा माल संपणार. जो गट आपला कच्चा माल संपावा म्हणून झटतो, त्याच्या बायकांनी उद्या काय करायचं? कचऱ्यापासून वस्तू करणारे पुष्कळ गट हा प्रश्न टाळतात आणि मग नकळत त्यांना कचरा हवाहवासा वाटू लागतो. काही ठिकाणी तर चांगल्या रंगाच्या कोऱ्या पिशव्या विकत आणून ‘पुनर्वापराच्या’ वस्तू केल्या जातात. त्यापेक्षा काहीही न केलेलं बरं.

इसातू सीसे यांच्या संस्थेने इथे जी वाट धरली ती मला या प्रकरणातली सर्वांत शहाणपणाची वाटते. त्यांनी बायकांना पिशव्यांपुरतं बांधून ठेवलं नाही. साबण करणं, कापड बांधून रंगवणं, भाजीपाल्याची शेती, पैशांची बचत असं शिक्षण सुरू झालं. जोडीला कांडी-कोळसा आला. गॅम्बियाचं मुख्य नगदी पीक भुईमूग, त्यामुळे टरफलांचे ढीग सगळीकडे असतात. ती टरफलं आणि तसाच इतर काडीकचरा जाळून कोळसा करायचा, तो कुटून दाबून त्याच्या कांड्या पाडायच्या आणि चुलीत लाकडाऐवजी वापरायच्या. लाकूड आणायला लागणारी पायपीट वाचते, झाडं वाचतात आणि चूल पेटवायला प्लास्टिक घालावं लागत नाही. या मालाचं गिऱ्हाईक गावातच आहे, विमानाने येणाऱ्या पाहुण्यावर ते अवलंबून नाही. पाकिटं विकून हाती आलेला पैसा आणि पत या नव्या कामाला उपयोगी पडली. भुईमुगाचं पीक दर हंगामाला निघतं, त्यामुळे टरफलं मिळण्याची चिंता नाही.